नरहररावांचे प्रतिकूल शेरे

ज्या राणीने आपल्या सावत्र भावाला वाघाच्या पिंजऱ्यात ढकललं, तिच्या गोपनीय अहवालात नरहरराव लोहगावकरांनी शेरा मारला होता: ‘हाताखालच्या माणसांशी वागणूक : सुधारणेस वाव आहे.’

ही राणी कुठल्या इतिहासातली नव्हती. दूरदेशीच्या कुणा बाईने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रचलेल्या इंग्रजी कादंबरीतली ती राणी होती. कादंबरीला प्रकाशक नव्हता. बाईनेच लिहिली, बाईनेच तपासली आणि बाईनेच ती इंटरनेटवर सोडून दिली. हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून नरहरराव अशी पुस्तकं टॅबवर वाचत आणि डाव्या हाताशी हिरव्या पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर ठेवत. सरकारच्या एका खात्यात, आस्थापना शाखेत, त्यांची चौतीस वर्षं गेली होती. नेमणुका, रजा, बदल्या आणि साहेबाने हाताखालच्या प्रत्येकाविषयी वर्षाकाठी लिहायचा तो गोपनीय अहवाल, ज्याला सगळे सीआर म्हणतात, हे सारं ही शाखा सांभाळते. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, जपमाळ ओढतात, अमेरिकेतली नातवंडं सांभाळून येतात. नरहररावांनी राक्षस, चेटकिणी, राजपुत्र आणि ड्रॅगनचे मोतद्दार यांची सेवापुस्तकं उघडली.

आमची पहिली भेट नारायणगुड्यात मराठी मंडळाच्या वाचनालयात झाली. मी या वाचनालयाचा मानद चिटणीस. त्याआधी शहरातल्या एका कॉलेजात मराठीचा प्राध्यापक होतो. माझ्याबरोबर तो विभागही निवृत्त झाला. वाचनालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुस्तकं हजारोंनी आणि रोज येणारे वाचक पाच. त्यातले चार वर्तमानपत्रासाठी येत आणि एक पंख्यासाठी. नरहरराव सहावे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि तोंडावर फाइल हरवल्याची कायमची काळजी.

“सर, जादूटोण्याच्या कादंबऱ्या कुठं ठेवायल्यात?” त्यांनी विचारलं.

“बालविभाग त्या कोपऱ्यात आहे,” मी म्हणालो. हे मी मुद्दामच म्हणालो होतो, आणि माझ्या विनोदावर मीच खूश होतो. ते निमूट त्या कोपऱ्यात गेले, पोरांच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन तासभर वाचत बसले आणि परत येऊन म्हणाले, “सर, ह्यात माणसंच नाहीत. नुसत्या पऱ्या उडायल्यात.”

माणसं हवीत म्हणून हा गृहस्थ राक्षसांच्या गोष्टी वाचतो, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. साहित्यात माणूस कसा येतो, यावर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली होती. त्यातल्या एकाही व्याख्यानात शिंगं असलेला माणूस आला नव्हता.

पण नरहररावांचं वाचन ही चीजच वेगळी होती. पुस्तकातल्या लढाया ते वाचतच नसत. “पन्नास पानं तलवारी चालतात सर. मी उगी पानं सरकवतो. कोण मेलं ते शेवटी कळतंच.” ड्रॅगनचंही त्यांना सोयरसुतक नव्हतं. “असेल तिकडं. आग ओकतो, हौ, मान्य. पण त्याला रोज चारा कोण घालतं? त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे? ते लिहिलं असेल तर पुस्तक खरं.” जादूगाराने समुद्र दुभंगला की ते जांभई देत, आणि समुद्र दुभंगून घरी आलेल्या जादूगाराला बायकोने वाढताना काय ऐकवलं, ते मात्र दोनदा वाचत.

मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं त्यांना चालत नसत. यामागे एक सिद्धान्त होता आणि तो ते येईल त्याला ऐकवत. “मोठ्या कंपनीच्या पुस्तकाचं प्रत्येक पान चार साहेबांच्या सहीनं पुढं गेलेलं असतं. सही करताना प्रत्येक साहेब जरा जरा माणूस कापतो. शेवटी राहतो तो मसुदा. ह्या बिचाऱ्यांवर साहेब नाही. फाइल लिहिणाऱ्याच्या टेबलावरून सीधी आपल्या टेबलावर. चुका असतात, भरपूर असतात. एका पुस्तकात राजाचे डोळे पहिल्या भागात निळे होते अन् तिसऱ्यात काळे. पण राजा जित्ता होता सर.”

हळूहळू ते संध्याकाळी वाचनालयात गोष्टी सांगू लागले. वर्तमानपत्रवाले चारही जण वर्तमानपत्र खाली ठेवू लागले. पंख्यासाठी येणारा गृहस्थ तर खुर्ची पंख्याखालून काढून नरहररावांजवळ नेऊ लागला. त्यांच्या तोंडून चेटकीण आपल्या विद्यानगरातली वाटे. “बाई स्वभावानं वाईट नाही, पण सासर मिळालं नाही धड, अन् मग औषधी वनस्पतींच्या नादी लागली.” मी पंधरवड्याला एक व्याख्यान देत असे, ‘मराठी वाङ्मयाच्या प्रेरणा’ या विषयावर. त्याला तिघे येत, आणि त्या तिघांत माझी बायको धरलेली आहे. नरहररावांच्या चेटकिणीला चौदा-पंधरा माणसं बसू लागली. आता मला मत्सर वाटला असं कुणी म्हणेल. वाटला. मी पाटी लावली: ‘वाचनालयात शांतता राखा.’ नरहररावांनी ती वाचली, मान डोलावली आणि आवाज खाली आणून गोष्ट पुढे चालू ठेवली. आवाज खाली आल्यामुळे माणसं आणखी जवळ सरकली.

त्यांना वेळकाळही नव्हता. एका सभासदाच्या वडिलांच्या तेराव्याला पंगतीत त्या सभासदाच्या शेजारी बसून त्यांनी मंत्र विसरत चाललेल्या एका म्हाताऱ्या जादूगाराची आणि त्याला रोज तेच तेच मंत्र नव्याने शिकवणाऱ्या शिष्याची कथा सुरू केली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, चिमटा काढायचाच बाकी होता. गोष्ट संपली तेव्हा त्या सभासदाने डोळे पुसले आणि पुस्तकाचं नाव लिहून घेतलं.

घरी मात्र या गृहस्थाचा उजेड वेगळाच होता. शकुंतलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “आमच्या सुनेचा वाढदिवस विचारा ह्यांना. नाही सांगता येणार. त्या चेटकिणीच्या मांजराची बाळंतपणं तोंडपाठ आहेत.” हे खोटं नव्हतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. उत्तरेच्या बर्फाळ किल्ल्यात सातव्या मजल्यावर कोण राहतं हे मात्र ते नावानिशी सांगत. जगातल्या सगळ्या माणसांना समजून घ्यायचं, फक्त ती जगात नसावीत, अशी काहीतरी त्यांची अट असावी. हे वाक्य मी त्यांच्या तोंडावरही एकदा टाकलं होतं. ते म्हणाले, “हौ सर, बरोबर आहे. खऱ्या माणसांचे सीआर लिहून हात पोळलेत.”

आणि मग त्यांनी वेंकटय्याची हकिगत सांगितली. वेंकटय्या त्यांच्याच शाखेतला कारकून. साहेबाने एका वर्षी त्याच्या सीआरमध्ये प्रतिकूल शेरा मारला: कामात लक्ष नाही. नियम असा की प्रतिकूल शेरा असेल तर तो त्या माणसाला लेखी कळवायचा, त्याची पोच घ्यायची आणि त्याला उत्तर द्यायची संधी द्यायची. तो कागद पाठवायचं काम नरहररावांचं. साहेब म्हणाले, राहू द्या, उगाच कटकट. नरहररावांनी राहू दिलं. काही वर्षांनी त्या शेऱ्यावरून वेंकटय्याची बढती गेली, तेव्हा तो त्यांच्या टेबलाशी आला. आवाजही चढवला नाही त्याने. एवढंच म्हणाला, “सार, कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर सुधारलो असतो ना.”

“तेव्हापासून सर,” नरहरराव म्हणाले, “शेरा मारला की कळवायचा. कुणाच्या माघारी शेरा ठेवायचा नक्को.”

म्हणजे हा माणूस खरोखरच कळवत असे. वाघाच्या पिंजऱ्यावाल्या राणीच्या लेखिकेला त्यांनी रीतसर ई-मेल धाडला की आपल्या राणीबाबत प्रतिकूल शेरा नोंदला गेला असून त्याबाबत काही म्हणणं असल्यास मांडावं. खाली सही: नरहरराव लोहगावकर, सेवानिवृत्त अधीक्षक, नल्लकुंटा, हैदराबाद, सभासद, मराठी मंडळ वाचनालय, नारायणगुडा. ही लांबलचक सही ते कुणालाही ठोकत. बहुतेक लेखक घाबरून गप्प बसत. राणीच्या बाईंनी मात्र चार पानी उत्तर पाठवलं, राणीचं बालपण सांगितलं आणि शेवटी लिहिलं की माझं पुस्तक इतकं मन लावून वाचणारे तुम्ही पहिलेच. ते उत्तर नरहररावांनी रजिस्टरात चिकटवलं आणि खाली लिहिलं: ‘खुलासा अंशतः मान्य.’

मी हे सगळं मित्रांना रंगवून सांगत असे. आमच्याकडचा वेडा म्हणून माझ्या गप्पांत त्यांना कायमची जागा होती.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते एक नवीन पुस्तक घेऊन आले. लेखिका नवीन, टोपणनावाने लिहिणारी. दोन भाग आलेले, तिसरा यायचा होता. नरहररावांचे डोळे लकाकत होते. “सर, लढाई नाही. एकसुद्धा नाही. नुसता एक द्वारपाल आहे.”

गोष्ट अशी होती. एक जुनं नगर असतं. नगरातली माणसं केव्हाच पांगलेली, पण वेशीवरचा द्वारपाल अजून वेस राखतो आहे. येणाऱ्या प्रत्येकाने नगराचं जुनं गाणं म्हणून दाखवायचं, बिनचूक, मगच दार उघडेल. गाणं कुणालाच धड येत नाही, म्हणून दार उघडत नाही. द्वारपाल मोठा सज्जन. परत जाणाऱ्याला खिडकीतून पाणी देतो, ऊन असेल तर पंचा देतो. रोज सकाळी सात भाले घासून लखलखीत करतो आणि भिंतीला ओळीने लावतो. आयुष्यात एकही फेकलेला नाही. एके दिवशी त्याची स्वतःची मुलगी वेशीवर येते. ती गाणं म्हणते, पण आपल्या चालीत. तो तिलाही पाणी देतो, पंचा देतो आणि सांगतो, नीट शिकून ये.

“अन् कुणी काही सांगायलं की तो मान वर न करता म्हणतो, ‘पुढं?’” नरहरराव म्हणाले. “ऐकत नाही, नुसतं ‘पुढं?’”

वाचनालय हसलं. सर्वांत मोठ्याने मी हसलो. असे गाढव आपल्या शहरात किती आहेत, याची मी दोन उदाहरणंही दिली.

आठवड्याभराने नरहरराव भर दुपारी माझ्या घरी आले. पाणी घेतलं नाही, टेकले नाहीत. पाकिटातून एक कागद काढून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. कागद त्यांच्या वळणदार अक्षरात होता.

‘विषय : द्वारपाल, जुने नगर, यांच्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा कळविण्याबाबत. नेमून दिलेले काम : चोख. सचोटी : संशयातीत. जनतेशी वागणूक : सौजन्याची, पाणी विचारतात. प्रतिकूल शेरा : दार ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच बाहेर ठेवतात. आपले काम दार राखण्याचे आहे, बंद ठेवण्याचे नाही, हे त्यांना कुणी लेखी कळविलेले दिसत नाही.’ खाली ठिपक्यांची रेघ आणि ‘पोच’ असा शब्द.

“हे मला कशाला?” मी विचारलं.

“सर, मी नियमाप्रमाणं लेखिकेला धाडलं होतं. तिचं उत्तर आलंय.” त्यांनी टॅब पुढे केला. उत्तर मराठीत होतं, इंग्रजी अक्षरांत टंकलेलं: ‘काका, तुमची सही वाचून मी हसले आणि मग रडले. द्वारपाल काल्पनिक नाहीये. तुम्ही त्याला रोज संध्याकाळी भेटता. भाले म्हणजे पेन्सिली, बाकी मी काही बदललं नाही. प्लीज त्यांना सांगू नका. ऋचा.’

ऋचा माझी मुलगी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते, कंप्युटरवर काहीतरी करते, आणि रविवारी आमचं चार मिनिटं बोलणं होतं. आणि होय, मी रोज सकाळी सात पेन्सिलींना ब्लेडने टोक काढतो. ‘हैदराबादी मराठीचा इतिहास’ नावाचा ग्रंथ मला लिहायचा आहे. गेली एकवीस वर्षं मी टोक काढतो आहे.

“तिने सांगू नका म्हटलंय,” मी ओरडलो.

“हौ सर. दोन दिवस परेशान होतो. पण वेंकटय्या आठवला. सही करा.”

मी त्यांना दाराबाहेर काढलं. काढलं म्हणजे अगदी सौजन्याने. उन्हाचं आले होते म्हणून पाणी विचारलं. ते घेत नव्हते, तरी पुन्हा विचारलं. दार लावलं आणि मागे वळलो तर बायको उभी.

“तुला ठाऊक होतं?”

“आलं त्याच आठवड्यात वाचलं. दोनदा.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, ‘पुढं?’”

आता जे सांगायचं ते मला सांगवत नाही, पण दुसऱ्याची टिंगल करताना एवढा वेळ घेतला, तर याला दोन ओळी दिल्याच पाहिजेत. ऋचा तेरा वर्षांची असताना मंडळाच्या गणेशोत्सवात तिने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचायला घेतली होती. मराठी शाळेत ती कधी गेली नाही. गोष्टीत मराठी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी सगळंच होतं, जसं ती आणि तिच्या मैत्रिणी बोलत. गोष्टीत उडणारी म्हैस होती. लोक हसत होते, मजेत ऐकत होते. अध्यक्षस्थानी मी. मी तिला मध्येच थांबवलं, सर्वांदेखत, आणि म्हणालो, “बाळ, आधी नीट भाषा शिक, पुढच्या वर्षी वाच.” वर तिला प्यायला पाणी दिलं. पुढच्या वर्षी तिने वाचलं नाही. मराठीत तिने पुन्हा काही लिहिलं नाही. मला वाटलं होतं, तिला लिहिण्याची आवडच नाही.

नरहरराव दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले, तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी बसले. मी तो उचलून टोपलीत टाकला. तिसऱ्या दिवशी नवी प्रत. असं महिनाभर चाललं. सरकारी माणसाशी चिवटपणात कुणी जिंकलं आहे का? या महिन्यात त्यांचं ऋचाशी पत्राने बोलणं चालूच होतं, आणि एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले.

“सर, तिसऱ्या भागात ती द्वारपालाला मारायलीय.”

“मरू दे.”

“थंडीत, वेशीवर, बसल्या जागी. मुलगी पोचते तेव्हा संपलेला असतो.”

“तिचं पुस्तक आहे. तिला हवं ते करेल.”

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. “मेला तर काय उरलं सर? शेरा कायम! बंद पाकिटात, जन्मभर! तिला वाटायलंय की तो मेला की तिचं मन मोकळं होईल. नाही होत. वेंकटय्या गेला तेव्हा माझं झालं नाही. तुम्ही प्रोफेसर आहात, हजार पुस्तकं वाचली, अन् एवढं नाही कळत? फोन करा तिला. पुस्तक वाचा तिचं.”

“मी असली पुस्तकं वाचत नाही,” मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला ते बाणेदार वाटलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर नरहररावांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, टॅब उशाशी होता आणि शकुंतलाबाई त्यांना एका कादंबरीतला मोतद्दाराचा भाग वाचून दाखवत होत्या. इंग्रजी वाचताना अडखळत होत्या, पण थांबत नव्हत्या. “लढाई आली की सोडून देते,” त्या मला म्हणाल्या. या बाईंचीही सवय त्यांनी बिघडवली होती.

मला पाहताच नरहररावांनी उशीखाली हात घातला. कागद तिथेही होता.

“नरहरराव, बरे व्हा, मग बघू,” मी म्हणालो.

“बरे व्हायची फाइल वेगळी आहे सर. ही जुनी आहे, आधी ही.”

मी खिशातलं पेन काढून ठिपक्यांच्या रेघेवर सही केली. नाव पूर्ण लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन तपासला आणि परत दिला.

“तारीख टाका,” ते म्हणाले.

मी तारीख टाकली. “आता तुम्हाला उत्तर द्यायची संधी आहे,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा मोतद्दाराकडे वळले. चार दिवसांनी ते गेले. तेराव्याला पंगतीत गोष्ट सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे जेवण फार लवकर आटोपलं. माझ्या गप्पांतला वेडा गेला आणि तेव्हा मला कळलं की माझ्या गप्पांत दुसरं काही नव्हतंच.

मग मी ऋचाचं इंग्रजी पुस्तक वाचलं. बायकोच्या फोनवर, शब्दकोश शेजारी घेऊन, दोन्ही भाग वाचायला पाच आठवडे लागले. पुस्तक निर्दोष नाही. द्वारपालाचा पंचा एके ठिकाणी पांढरा आहे आणि एके ठिकाणी लाल. पण तो जित्ता आहे. इतका जित्ता की दोनदा मी फोन पालथा घालून उठून गेलो. तिसऱ्यांदा उठलो तो ऋचाला फोन करायला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली.

“बाबा? आई ठीक आहे ना?”

“ठीक आहे. ऋचा, त्या द्वारपालाला मारू नकोस.”

ती म्हणाली, “काकांनी सांगितलं तुम्हाला. का नको मारू?”

“त्याला अजून उत्तर द्यायचंय.”

ती हसली की रडली, फोनवर कळलं नाही. दोन महिन्यांनी तिने शेवटचं प्रकरण पाठवलं. थंडी पडलेली, मुलगी वेशीवर आलेली, ती गाणं म्हणतच नाही, नुसती उभी राहते. द्वारपाल उठतो, अडसर काढतो, दार उघडतो. आणि मग रिकामी जागा. खाली ऋचाची ओळ: ‘बाबा, पुढे हा काय बोलेल ते मला सुचत नाही. मी त्याला कधी दार उघडताना पाहिलेलं नाही.’

मी पेन्सिल घेतली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा सातातली एक लिहून झिजली. तीन पानं लिहिली. त्यात पश्चात्ताप होता, नगराचा इतिहास होता, भाषा नदीसारखी असते असा एक परिच्छेद होता. बायकोने त्याचे फोटो काढून ऋचाला पाठवले. संध्याकाळी फोन आला आणि ऋचाने ती पानं मला वाचून दाखवायला सुरुवात केली. मराठी अक्षरं ती एकेक करून लावत होती. दर ओळीत अडत होती, चुकत होती. मी काही बोललो नाही. तीन पानांना पाऊण तास लागला.

“बाबा,” शेवटी ती म्हणाली, “हे भाषण आहे. तो इतकं छान नाही बोलणार.”

“मग?”

“आता मी खरंच तुमच्या दाराशी आले, तर तुम्ही काय म्हणाल? विचार करू नका, सांगा पटकन.”

“चपला आत काढ,” मी म्हणालो. “बाहेर ठेवल्या की कुत्रं पळवतं.”

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. “हे घेतलं,” ती म्हणाली.

तिसरा भाग आला आहे. माझ्या तीन पानांतलं एकही वाक्य त्यात नाही; चपलांचं तेवढं आहे, आणि पुढल्या ओळीत मुलगी चपला हातात घेऊन आत येते. ऋचाही आता महिन्यातून दोनदा येते. तिने ते शेवटचं पान मला मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा माझं इंग्रजी दर ओळीला अडलं आणि तिने मला एकदाही थांबवलं नाही. हे पान वाचायला नरहरराव नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.